दाजी, बेअरिंग सुलटंच होतं

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता तुम्ही पेठला गॅरेजमध्ये जॅकच्या शेजारी खाली बसलात. पावणेअकराला ताईचा फोन आला. मी घोडेगावहून निघालो. मंचरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर कागदावर तुमच्या जाण्याची वेळ लिहीत होते.

त्या वाटेवर माझ्या समोर, स्टिअरिंगच्या मागे, तो पिवळा दिवा लागलेला होता. गोलात तीन इंग्रजी अक्षरं, एबीएस. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ नयेत, गाडी घसरू नये म्हणून जी यंत्रणा असते ती बंद आहे, एवढंच तो दिवा सांगतो. दोन वर्षं तो सांगत होता. मी तो दुरुस्त करून घेतला नाही. दाजी, खरं सांगतो, हलगर्जीपणा नव्हता तो. तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून मी तो लागलेला ठेवला होता. एक दिवस तुम्ही या गाडीत बसाल, दिवा बघाल आणि चूक कबूल कराल, यासाठी. तुम्ही बसला नाहीत. दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं ते रुग्णवाहिकेतून. मी मागून माझ्या गाडीत एकटा, दिव्यासकट.

लोक भेटायला येत होते आणि चांगलं बोलत होते. मेस्त्री म्हणजे देवमाणूस, कुणाला नाही म्हटलं नाही, हायवेवर अडलेल्याच्या मदतीला अर्ध्या जेवणावरून उठणारा. सगळं खरं. मी मान हलवत होतो आणि मनात एकच वाक्य होतं, की हा माणूस माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही. आणि त्याच्या खालोखाल दुसरं, की मीही नाही.

गाडी आपण दोघांनी मिळून आणली होती. बेल्ह्याला बाजाराच्या दिवशी. बैलांचा व्यापारी होता तो, मोठी गाडी घ्यायची म्हणून ही विकत होता. तुम्ही बोनेट उघडायच्या आधी चारी टायरवरून हात फिरवलात, मग खाली वाकून पोटाखाली बघितलंत. व्यापारी म्हणाला, "मेस्त्री, दात बी मोजा की. चौसा हाय, चार दाताचा." तुम्ही म्हणालात, "दात चांगलं हायेत हो, पण पुढचा डावा पाय जरा वाजतोय." तिथं जमलेले सगळे हसले. मीही हसलो. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग त्या दिवशीच तुमच्या कानानं पकडलं होतं. मला नंतर दोन महिने काहीच ऐकू आलं नाही.

गाडी पेठला आणली तेव्हा ताईनं बंपरला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली बांधली. मी घोडेगावला कॉलेजच्या फाटकात शिरायच्या आधी ती कात्रीनं कापून टाकली. ग्रंथपालाच्या गाडीला बाहुली बरी दिसत नाही, असं मला वाटलं. राखीपौर्णिमेला ताईच्या ते लक्षात आलं. ती एवढंच म्हणाली, "लई शिकलास बाबा तू." तुम्ही मध्ये पडलात. "राहू दे गं. त्याची नजर लागायची लोकांना, लोकांची त्याला न्हाई." तुमच्या या असल्या टोमण्यांवर मी तोवर कधी रागावलो नव्हतो. मेव्हण्याची चेष्टा करणं हा दाजीचा हक्कच असतो, आणि तुम्ही तो पुरेपूर वापरायचात. मला तुम्ही नावानं कधी हाक मारली नाहीत. "पावणं" तरी, नाहीतर "ग्रंथराज".

पण पुस्तकं मला तुम्हीच आणून दिलीत, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी बी.ए.ला असताना तुम्ही स्पेअर पार्ट आणायला पुण्याला जायचात, आणि येताना रद्दीवाल्याकडून हाताला लागेल ते उचलून आणायचात. काय आणताय हे तुम्हाला माहीत नसायचं. एकदा जाडजूड शब्दकोश आणलात, एकदा शेळीपालनाचं पुस्तक, एकदा कुणाचा तरी अर्धा प्रबंध. "वजनाला बरं वाटलं," म्हणायचात. बेअरिंगच्या खोक्याबरोबर एकाच पिशवीत यायची ती पुस्तकं. त्या शब्दकोशाच्या 'क' अक्षराच्या पानांवर तुमच्या अंगठ्याचा ग्रीसचा ठसा आहे. मी तो वीस वर्षं रोज वापरतोय. परवा उघडला आणि लगेच मिटला.

मग दिवाळीच्या आधी चाकाचा आवाज मलाही यायला लागला. तुम्ही बेअरिंग बदललंत. गाडी बाहेर काढली आणि त्याच क्षणी तो दिवा लागला. तुम्ही म्हणालात, "नव्या गाड्यांची नाटकं हायेत ही. ब्रेक लागतोय न्हवं? मग झालं."

मी घरी जाऊन वाचत बसलो. तुम्हाला माहीत आहे, मला काही अडलं की मी वाचतो. चार दिवसांनी मी गाडीचं इंग्रजी पुस्तक आणि छापून आणलेले काही कागद घेऊन आलो. दुपार होती, गॅरेजमध्ये आपण दोघंच होतो. मी तुम्हाला वाचून दाखवलं, की या गाडीच्या बेअरिंगच्या एका बाजूला, झाकणीच्या आत, बारीक चुंबकाचं कडं असतं. ते सेन्सरच्या बाजूला, म्हणजे आत यायला हवं. बेअरिंग उलटं बसवलं तर चाक फिरतं, पण सेन्सरला ते फिरतंय हे कळत नाही.

तुम्ही हात पुसत होतात. "गोल वस्तू हाय ती, पावणं. गोल वस्तूला तोंड कुठनं आलं?"

"आता आलंय, दाजी."

"तीस वरसं बसवतोय मी. एक बी माघारी आलं न्हाई."

"ती जुनी होती. त्यांना दोन्ही बाजू सारख्याच असायच्या."

मी ते ज्या सुरात म्हणालो तो सूर मला आज ऐकू येतो. वर्गात मागच्या बाकावरच्यांना समजावताना मास्तर लावतात तो. तुम्ही माझ्या हातातला कागद घेतलात, त्यावरच्या चित्राकडे बराच वेळ बघितलंत. अक्षरं इंग्रजी होती. मग कागद परत दिलात आणि म्हणालात, "ठेवा गाडी. दिवाळीपत्तर बघतो."

भाऊबिजेला मी एसटीनं पेठला आलो. गाडी धुऊन अंगणात उभी होती. तुम्ही किल्ली फिरवून दाखवलीत. सगळे दिवे एकदा लागले आणि विझले. एबीएसचाही. मी विचारलं, "काय केलंत?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई. सेन्सर पुसला."

ताईनं मला ओवाळलं. मग ताट घेऊन गाडीलाही ओवाळलं, चारी चाकांना हळद-कुंकू लावलं. आपण दोघं ओट्यावर चहा पीत बसलो होतो. पदर खोचून ती चाकांपाशी बसत उठत होती. तुम्ही म्हणालात, "भाऊ एक, आणि ओवाळणी पाच जणांची चाललीय." ती आपली शेवटची भाऊबीज. म्हणजे त्यानंतरही मी ताईकडे दोनदा आलो, पण तुम्ही दोन्ही वेळा कुणाची तरी गाडी बघायला गेला होतात.

तीन आठवडे दिवा बंद होता. मग एके संध्याकाळी आमच्या गल्लीत डावीकडे वळताना तो लागला आणि सरळ झाल्यावर विझला. मी डायरीत लिहून ठेवलं. नंतर पुन्हा. तेही लिहिलं. माझ्याकडे अकरा नोंदी आहेत, दाजी. अकरापैकी नऊ ठिकाणी मी 'वळताना' असं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. बेअरिंग उलटं असेल तर ते सरळ रस्त्यावरही उलटंच असणार. ते मधूनच सुलटं होत नाही. आणि नुसतं पुसल्यानं तीन आठवडे चालत नाही. हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही. मी वाचलं होतं, लिहून ठेवलं होतं, विचार मात्र केला नव्हता. मी आधीच ठरवून टाकलं होतं, की तुम्ही वरवर काहीतरी करून मला गप्प बसवलंत.

शेवटी दिवा कायमचा लागला, आणि एका रविवारी मी पेठला आलो.

गॅरेजमध्ये पाचसहा जण होते. एक टेम्पोवाला, गावातले दोघं, एका मोटारसायकलवर कुणी नवराबायको. तुम्ही टेम्पोखाली होतात. मी वाट बघायला हवी होती. मी म्हणालो, "दाजी, दिवा परत लागलाय. बेअरिंग अजून उलटंच आहे."

तुम्ही बाहेर आलात. "ठेवा गाडी, पावणं. बघतो."

"ठेवली होती की. काय केलंत तुम्ही?"

टेम्पोवाला म्हणाला, "काय झालं, मेस्त्री?"

आणि मी त्याला उत्तर दिलं. तुम्हाला नाही, त्याला. "तीस वर्षं बेअरिंग बसवतायत, आणि कुठली बाजू आत घालायची ते माहीत नाही."

कुणीतरी हसलं. दाजी-मेव्हण्याची चेष्टा समजून हसलं असेल. ताई चहाचे पेले घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत. माझ्याकडे नाही. मग परत टेम्पोखाली गेलात. मी "आता हिला हात लावायचा नाही तुम्ही" असंही म्हणालो. ते तुम्ही आतून ऐकलंत. तुमचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

नंतर ताई माझ्याशी फोनवर बोलली. "त्यांचं चुकलं असंल रं. वय झालं, नव्या गाड्या. पण चारचौघांत बोलायचं व्हतं का तू?" मी म्हणालो, "चुकलंय हे तर तुलाही पटतंय ना?" ती म्हणाली, "पटतंय." मला तेवढं पुरे होतं. तुमच्या घरात तुमच्या बायकोला पटवून मी फोन ठेवला.

मग आमची यात्रा आली. तुम्हाला ठाऊक आहे, आणि मलाही ठाऊक होतं, की आमच्या गावच्या, निरगुडसरच्या यात्रेला जावई आपणहून येत नाही. घरातल्या कुणीतरी त्याच्या दारात जाऊन, बसून, पाणी पिऊन आवतण द्यावं लागतं. वडील होते तोवर ते जायचे, नंतर मी. त्या वर्षी मी फोनवर पत्रिकेचा फोटो पाठवला. तुम्ही ताईला म्हणालात ते तिनं मला सांगितलं. "मोबाईलवर आवतण धाडायला मी काय गॅसचं गिऱ्हाईक हाय?" पुढच्या वर्षी मी फोटोही पाठवला नाही. पेठ माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. आवतणासाठी मी दोन वर्षांत तो पाऊण तास काढला नाही, आणि तुम्हीही गॅरेजच्या दारातून हाक मारली नाहीत. त्या दारासमोरून माझी गाडी कितीदा गेली. ताई म्हणाली, तुम्ही आवाजावरून ओळखायचात. "गेले बघ ग्रंथराज," म्हणायचात.

मला हे कळल्यावर तुमचा राग आला. अजून आहे.

नारायणगावला टोमॅटोच्या बाजाराजवळ एकदा काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण मी कुणाला सांगितलं नाही. क्रेट सांडून रस्त्यावर लगदा झाला होता. पुढचा पिकअप अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि गाडी आडवी होत दुभाजकापर्यंत गेली. थांबली तेव्हा पिकअप माझ्या काचेपासून हातभर लांब होता. माणसाला अशा वेळी घरचे आठवतात म्हणतात. मला आठवलात तुम्ही. मी मेलो असतो तर तुमच्यामुळे, आणि तुम्हाला ते सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं, हा विचार आला आणि त्यात मला समाधान वाटलं. मी माझ्या मरणाचाही पुरावा करायला तयार होतो. हे तुमच्याशिवाय कुणाला लिहायचं?

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि सगळे बाजूला झाले. मृताची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग एकेक जण पुढे होऊन शब्द देतो, हे तुम्हीही पाहिलेलं. मी बाहुली कापणारा माणूस, पण मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. कावळा थांबला की पुढे होऊन म्हणायचं, "दाजी, भांडण संपलं, दिवा दुरुस्त करून घेतो." कावळा लगेच शिवला. आम्ही नीट मागे सरकलोही नव्हतो. लोक म्हणाले, "सुटला बिचारा, काय राहिलं न्हवतं मागं." माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

तेराव्याला ताई म्हणाली, "आता तरी ती गाडी दुसरीकडं दाखव. आता कुणाची वाट बघतोस?" म्हणून मी गाडी नारायणगावला नेली. पश्चात्ताप होऊन नेली, असं समजू नका. मला निकाल हवा होता. तुम्ही चुकला होतात हे कुणीतरी तिसऱ्यानं सांगावं, म्हणजे मला तुमच्यासाठी नीट रडता येईल, असं काहीतरी मनात होतं.

तिथला मेस्त्री पस्तिशीचा असेल. दिवा बघून त्यानं विचारलं, "किती दिवस झालं, सर?"

"दोन वर्षं."

"दोन वरसं? लई डेरिंग हाय राव तुमचं."

त्यानं स्टिअरिंगखाली तपासणीचं यंत्र जोडलं. पडद्यावर आलं, डावं पुढचं चाक, सिग्नल नाही. मग गाडी उचलून तो एकेक चाक हातानं फिरवत गेला. प्रत्येक चाकाबरोबर पडद्यावरचा आकडा हलायचा. डाव्या पुढच्या चाकाला शून्य. त्यानं ते जोरात फिरवलं. शून्य.

मी म्हणालो, "बेअरिंग उलटं बसलंय."

"कुणी बसवलं?"

"पेठला." आणि मी तुमचं नाव सांगितलं.

त्यानं चाक हातानं थांबवलं. "दादांनी? मग उलटं न्हाई."

"कशावरून?"

"अवो, मला त्यांनीच शिकवलं ते. दोन वरसांमागं इथं आले व्हते, बेअरिंग न्यायला. मला म्हणाले, ह्या नव्या बेअरिंगला तोंड असतं, ध्यानात ठेव. एका बाजूवर कागद ठेवायचा, कागदावर लोखंडाचा बारीक कीस टाकायचा आन् टिचकी मारायची. ज्या बाजूला किसाच्या बारीक रेघा उठतील ती बाजू आत. म्हणाले, माझ्याकडनं एकदा उलटं बसलं. घरचीच गाडी व्हती, मेव्हण्याची. त्यानं पुस्तकात वाचून दाखवलं तवा कळलं. म्हणाले, लई हुशार हाय, पण त्याला सांगू नको, डोक्यावर बसंल."

दाजी, तुम्ही हे नारायणगावच्या माणसाला सांगितलंत.

मी तिथं एका टायरवर बसलो. कागद, वर लोखंडाचा कीस आणि खाली चुंबक. सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं ते. ज्या कागदाच्या इंग्रजी अक्षरांकडे तुम्ही बघत राहिलात, त्यातलं चित्र तुम्हाला पुरलं होतं. दाबून काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही. म्हणजे तुम्ही इथपर्यंत येऊन दुसरं घेतलंत, दिवाळीच्या गर्दीत ते बसवलंत आणि मला म्हणालात, "सेन्सर पुसला." पहिल्यांदा मी बरोबर होतो आणि तुम्ही ते कबूल केलं नाहीत. दुसऱ्यांदा मी चुकलो होतो आणि तुम्ही तेही सांगितलं नाहीत. त्या रविवारी टेम्पोखालून एक शब्द आला असता, "बदललंय", तर मी गप्प झालो असतो आणि दोष दुसरीकडे शोधला असता. एका शब्दासाठी तुम्हाला पाचसहा गिऱ्हाइकांसमोर आधीची चूक उघडी करावी लागली असती. ती वेळ तुमच्यावर मी आणली होती. हे सगळं मला समजतं. समजूनही मला वाटतं, की तुम्ही तो एक शब्द बोलायला हवा होतात.

तोवर मेस्त्री सेन्सरच्या वायरीवरून बोट फिरवत वर चालला होता. चाकाच्या मागे, शॉकॲब्सॉर्बरपाशी ती वायर एका पट्टीत अडकवलेली असते. तिथं त्याचं बोट थांबलं. "हे काय बांधलंय?"

त्यानं पकडीनं तोडून ते माझ्या हातात ठेवलं. चिखलानं काळं झालेलं काहीतरी. बारीक तारेत ओवलेला एक बिबा, त्याला गुंडाळलेला काळा दोरा, आणि टोकाला साडीच्या काठाची चिंधी, तीन गाठी मारलेली.

"नजरेचं हाय," तो म्हणाला. "पट्टीबरोबर वायर बी आवळली गेलीय. चाक डावीकडं वळलं की तार वायरीत रुतणार. घासून घासून आतनं तुटलीय बगा. हे कुणी बांधलं राव, एवढ्या आत हात घालून?"

मी माहीत नाही म्हणालो.

ती चिंधी मी ओळखली. त्या भाऊबिजेला ताई तीच साडी नेसली होती, जुनी मोरपंखी, काठ विरलेली. बंपरवरची बाहुली मी कापली म्हणून तिनं मला दिसणार नाही अशी जागा शोधली. मेस्त्रीची बायको, चाकाच्या मागे कुठे हात जातो ते तिला माहीत होतं. सुतळी कुजेल म्हणून तार घेतली. आपण ओट्यावर चहा पीत हसत होतो तेव्हा ती हेच करत होती.

वायर जोडायला वीस मिनिटं लागली. डाव्या चाकाचा आकडा पडद्यावर हलायला लागला. म्हणजे बेअरिंग सुलटं. मेस्त्रीनं यंत्रातून जुनी नोंद पुसली, एक फेरी मारून आणली, आणि दिवा विझला. तुम्ही "ठेवा गाडी, बघतो" म्हणालात त्या रविवारी मी गाडी ठेवली असती तर तुम्हालाही वीसच मिनिटं लागली असती. चाकाखाली हात घातल्याबरोबर तुम्हाला तो बिबा लागला असता. तुम्ही ताईला हाक मारली असतीत, तिची यथेच्छ चेष्टा केली असतीत, आणि ती गोष्ट आपण दर भाऊबिजेला सांगितली असती.

परतताना मी पेठला थांबलो. ताई गॅरेजचं शटर अर्धं उघडून आत बसली होती. कुणी काही परत मागायला येतं, पाना, जॅक, म्हणून ती बसते. तिनं विचारलं, "दाखवलीस का गाडी?"

"दाखवली."

"काय निघालं? त्यांचंच चुकलं व्हतं?"

मी वाटेत काही ठरवलं नव्हतं. तुमचं नाव सुटायचं तर तिचं अडकत होतं. तुमच्या-माझ्या भांडणाचं मूळ तिनं स्वतःच्या हातानं, माझ्यासाठी, तीन गाठी मारून बांधलं होतं, हे तिला सांगायला कुठली जीभ आणू?

"नाही," मी म्हणालो. "बेअरिंग दाजींनी बदललं होतं. तेव्हाच, दिवाळीत. सुलटंच होतं. माझं चुकलं."

ती म्हणाली, "मी बी त्यांना म्हणले व्हते. तुमचंच चुकलं असंल म्हणून. तवा गप बसले." आणि थोड्या वेळानं, "हे त्यांना ऐकायला पायजे व्हतं रं."

"हो."

"मग दिवा कशानं लागत व्हता?"

"वायर घासली होती. वळताना घासते. जुनी गाडी."

तिनं मान हलवली. उठून तुमचे पाने फडक्यानं पुसायला घेतले, जे पुसलेलेच होते. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुला एक सांगायचं व्हतं. रागावू नको. त्या भाऊबीजंला मी तुझ्या चाकामागं एक बिबा बांधलाय. ह्यांना बी सांगितलं न्हवतं, हसले असते. त्या मेस्त्रीनं काढून टाकला का रं?"

माझा हात खिशात होता. बिबा खिशात होता.

"नाही," मी म्हणालो. "आहे."

"राहू दे मग," ताई म्हणाली. "त्यानंच तू दोन वरसं नीट आलास-गेलास."

मी गाडीत बसलो. किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले.

दाजी, गाडी आता नीट आहे. बिबा घोडेगावला माझ्या टेबलाच्या खणात, शब्दकोशाच्या शेजारी आहे. यात्रेचं आवतण द्यायला मी पेठला जाईन, ताईच्या दारात बसेन, पाणी पिईन. तो कुणी बांधला होता आणि त्यानंच वायर तुटली होती, हे दोन्ही माहीत असलेला माणूस मी एकटाच आहे.